पान आहे, पण सापडत नाही: जुलै २०२५ चं इच प्रकरण आणि एकट्याने प्रौढ व्हिज्युअल नॉव्हेल करणारे

२०२५ च्या जुलैमध्ये, २३ आणि २४ तारखेच्या दरम्यान, इच डॉट आयओ या, स्वतंत्र निर्माते आपल्या गेम मांडतात आणि विकतात त्या साइटने आपल्याकडची प्रौढांसाठीची सगळी पानं शोधातून आणि याद्यांमधून काढली. आधी कुणालाही कळवलं नव्हतं. साइटचे संस्थापक लीफ कॉर्कोरन यांचं निवेदन आलं, तोवर काम उरकलेलं होतं. पैसे देण्याघेण्याची व्यवस्था वाचवण्यासाठी तातडीने पाऊल उचलावं लागलं आणि निर्मात्यांना आधी सांगणं शक्य नव्हतं, असं त्यांनी त्यात मान्य केलं.

फटका बसला तो बहुतेक एकेकट्या माणसांना. मोठा स्टुडिओ इचवर अवलंबून नसतो. नोकरी सांभाळून, रात्री दोन तास बसून, वर्षभरात एक गोष्ट उभी करणारा माणूस असतो. प्रौढ व्हिज्युअल नॉव्हेल हा प्रकार मोठ्या प्रमाणात अशाच लोकांनी जगवला आहे. या वाटेने जायचा विचार करणाऱ्याने कुठलंही सॉफ्टवेअर शिकण्याआधी हे प्रकरण नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. नवखा माणूस सहसा विचारतो, ‘इंजिन कुठलं घेऊ, चित्रं कुठून आणू?’ या प्रकरणाने पुढे आणलेला प्रश्न वेगळा आहे: वाचकाने दिलेला डॉलर माझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून येतो, आणि त्या प्रत्येकाच्या नियमात माझी गोष्ट बसते का?

एकट्याला हे जमतं कसं

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर पार्श्वभूमी, तिच्यावर पात्रांची चित्रं, खाली संवाद, आणि मधूनमधून वाचकाने करायची निवड. या प्रकाराची मुळं जपानात आहेत. तिथे हौशी गट आपापल्या गेम स्वतःच छापून कॉमिकेटच्या जत्रेत टेबल मांडून विकत. आज जगभर नाव असलेल्या टाइप-मूनची सुरुवातही २००० सालच्या डिसेंबरमध्ये अशाच एका प्रौढ हौशी गेमने झाली.

जपानबाहेर हे एकट्याच्या आवाक्यात आणलं ते रेनपाय या इंजिनने. टॉम रोथामेल यांनी ते २००४ मध्ये बाहेर काढलं. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर उभं आहे. स्क्रिप्टची फाइल उघडली तर ती नाटकाच्या संहितेसारखी दिसते. ‘लेबल’ म्हणजे प्रवेश, ‘सीन’ म्हणजे मागचा पडदा, ‘शो’ म्हणजे पात्राचं येणं, ‘मेन्यू’ म्हणजे निवड. पात्राचं नाव लिहायचं, पुढे अवतरणात संवाद. वाचकाने आधी काय निवडलं ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) साठवायचं आणि पुढच्या प्रवेशात त्यावरून बोलणं बदलायचं. एवढ्यावर पहिली अर्ध्या तासाची गोष्ट होते, आणि तीच फाइल विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि ब्राउझरसाठी बांधून देता येते. मराठीत लिहायचं असेल तर एक अडचण होती: जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटायच्या. आवृत्ती ८ च्या मालिकेत अक्षरजुळणीची सोय आल्यापासून, मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता यासारखा खुला फॉन्ट घातला की देवनागरी नीट उमटते.

मला हा प्रकार आवडतो त्याचं कारण तंत्र नाही. जवळीक हा विषय वाचकाच्या वेगाने मांडण्याची मुभा इथे मिळते. पुढची ओळ कधी वाचायची हे वाचक ठरवतो, थांबतो, परत मागे जातो. पात्र ‘नाही’ म्हणालं तर गोष्टीने तिथून खरंच वेगळं वळण घ्यायचं, हे लेखकाच्या हातात असतं. संमती, संकोच, दीर्घ सहवासानंतरची अडखळ, या गोष्टी कादंबरीत लिहिल्या जातातच. इथे मात्र वाचकाला त्यांत निर्णय घ्यावा लागतो. एकट्या माणसाने प्रामाणिकपणे केलेलं असं काम वाचलं की त्यामागचं धाडस जाणवतं. आणि म्हणूनच ते एका रात्रीत दिसेनासं झालं याचा राग येतो.

साखळी कशी ओढली गेली

सुरुवात एका वाईट गेमने झाली. ‘नो मर्सी’ नावाची, बलात्कार आणि कौटुंबिक लैंगिक संबंधांवर बेतलेली गेम २०२५ च्या एप्रिलमध्ये स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानावरून गेली. इचवरही ती काही काळ होती आणि एप्रिलमध्येच तिच्यावर बंदी आली. इथवर यंत्रणेने आपलं काम केलं, असं म्हणता येईल. पण ऑस्ट्रेलियातील कलेक्टिव्ह शाउट या गटाने पुढे ११ जुलैला खुलं पत्र काढलं, आणि ते दुकानांना लिहिलं नाही. ते व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल आणि इतर पेमेंट कंपन्यांच्या प्रमुखांना उद्देशून होतं. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा त्याचा गल्ला चालवणाऱ्याला धरायचं, ही त्यामागची युक्ती.

ती लागू पडली. जुलैच्या मध्याला स्टीमने विकसकांसाठीच्या नियमांत एक कलम वाढवलं: पेमेंट प्रोसेसर (दुकानासाठी कार्डाचे पैसे वसूल करणाऱ्या कंपन्या), कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्डसारखी) आणि बँका यांच्या नियमांचा भंग करू शकेल असा मजकूर, विशेषतः काही प्रकारचा प्रौढ मजकूर, चालणार नाही. ‘काही प्रकारचा’ म्हणजे कुठला, हे तिथे लिहिलेलं नाही. बऱ्याच गेम त्याच दिवसांत गेल्या. आठवड्याभरात इचची पाळी आली.

पुढे जबाबदारी कुणाची यावर जे झालं, ते या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं. ऑगस्टच्या सुरुवातीला मास्टरकार्डने जाहीर केलं की आम्ही कुठल्याही गेमचं मूल्यमापन केलेलं नाही, कायदेशीर खरेदीला आमचा अडथळा नाही. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हने उत्तर दिलं की मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही. ते प्रोसेसर आणि त्यांच्या बँकांशी बोललं, आणि त्यांनी आम्हाला मास्टरकार्डच्या ५.१२.७ या नियमाचा दाखला दिला. नाममुद्रेला बट्टा लावू शकणाऱ्या व्यवहारांबद्दलचा तो नियम. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. कार्ड नेटवर्क एक ढोबळ नियम लिहितं. दंडाच्या धास्तीने बँक तो ताणून वाचते. प्रोसेसर त्याहून ताणून वाचतो. दुकानाला आपलं सगळंच बंद पडेल अशी भीती असते, म्हणून ते सरसकट झाडू फिरवतं. शेवटच्या टोकाला एकटा निर्माता असतो, आणि ‘माझी गोष्ट नेमकी कुणी नाकारली?’ या त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा त्या साखळीत कुणीच सापडत नाही.

पण नियम नवा नव्हता. इचचा एक पेमेंट प्रोसेसर असलेल्या स्ट्राइपच्या जाहीर यादीत, ज्या व्यवसायांना सेवा मिळणार नाही त्यांत, लैंगिक तृप्तीसाठी केलेला मजकूर आधीपासून होता. नंतर इचने सांगितलं की स्ट्राइपने बँकेच्या मर्यादेमुळे अशा मजकुराची देवघेव थांबवली आहे. म्हणजे कागदावरची मनाई तीच होती, अंमल फक्त जुलैत आला. त्याआधीही इशारे मिळाले होते. चाहते निर्मात्याला दरमहा पैसे देतात त्या पेट्रिऑन साइटने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ मजकुराचे नियम आवळले, तेव्हा कितीतरी लेखकांना गोष्टीतली नाती पुसून ‘घरमालकीण’, ‘भाडेकरू’ अशी लेबलं लावावी लागली. जपानच्या डीएलसाइट या ऑनलाइन दुकानाने २०२४ च्या मार्चमध्ये काही टॅगची नावं बदलून मवाळ केली, तरी एप्रिलमध्ये तिथे व्हिसा आणि मास्टरकार्ड बंद झालीच.

जपानमध्येच याच्या उलट उदाहरणही आहे. १९९१ मध्ये एका शाळकरी मुलाने प्रौढ गेम चोरल्यावर गदारोळ झाला, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी १९९२ मध्ये स्वतःची तपासणी संस्था काढली. तिचे नियम जाचक आहेत, काही मला पटत नाहीत. पण ते लिहिलेले आहेत, आणि गेम बाजारात जाण्याआधी तपासली जाते. निर्मात्याला इतकं तरी मिळालं पाहिजे.

शोधातून काढणं म्हणजे काय

इचच्या भाषेत हे ‘डीइंडेक्स’ करणं. पान पुसलेलं नसतं. थेट लिंक असेल तर उघडतं, निर्मात्याला आपल्या डॅशबोर्डवर जसंच्या तसं दिसतं. पण शोधात नाव टाकलं तर येत नाही, टॅगखाली येत नाही, ‘नवीन’ आणि ‘लोकप्रिय’ या याद्यांत येत नाही. दहा हजार वाचक जमवलेल्या निर्मात्याला यामुळे धक्का बसतो, पण त्याचे वाचक त्याला शोधत येतात. पहिली गेम टाकलेल्या माणसाकडे मात्र त्या याद्यांखेरीज काहीच नसतं. टॅग चाळत आलेला अनोळखी वाचक हाच त्याचा सगळा बाजार. नवख्यासाठी पान शोधातून जाणं आणि पान पुसलं जाणं यांत व्यवहारात फरक राहत नाही.

झाडू सरसकट फिरल्यामुळे ज्यांच्या कामात उत्तान काहीच नव्हतं अशा समलिंगी नात्यांच्या किंवा शरीराविषयीच्या गंभीर गोष्टीही झाकल्या गेल्या. खेळाडूंनी कार्ड कंपन्यांना फोन लावून निषेध केला, जीओजी या दुकानाने ऑगस्टच्या सुरुवातीला तेरा गेम दोन दिवस फुकट वाटल्या. ३१ जुलैला इचने फुकट असलेली प्रौढ पानं परत शोधात आणायला सुरुवात केली. विकत मिळणारी पानं मात्र मागे राहिली. मजकूर तोच, फरक फक्त किमतीचा. अडचण पैशाच्या वाटेत होती, याहून स्पष्ट पुरावा नको.

यातून सुरुवात कशी ठरते

पहिली गोष्ट: छोटी आणि पूर्ण. पेट्रिऑनवर दर महिन्याला एक तुकडा देत वर्षानुवर्षं चालणारी गेम हा या क्षेत्रातला रूढ मार्ग आहे आणि त्यावर काहींनी घर चालवलं आहे. पण नवख्याने तिथून सुरू करू नये. वाट मध्येच बंद झाली तर हातात अर्धी गोष्ट राहते, आणि अर्धी गोष्ट दुसऱ्या दुकानात मांडता येत नाही. पंधरा हजार शब्द, तीन पात्रं, पाच-सहा पार्श्वभूमी, दोन शेवट, एवढं एका माणसाच्या आवाक्यात येतं. त्यात निवडीचे फाटे फार वाढवू नयेत. प्रत्येक फाटा पुन्हा लिहावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो, आणि एकट्या माणसाची गेम तिथेच बुडते.

दुसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती: गोष्ट अशी लिहावी की उत्तान प्रवेश काढूनही ती उभी राहील. मग एका फाइलमध्ये सर्वांना चालणारी आवृत्ती आणि वेगळ्या पॅचमध्ये (नंतर जोडायच्या फाइलमध्ये) प्रौढ भाग, अशी विभागणी करता येते. हे जुनंच तंत्र आहे. स्टीमने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पहिली विनाकाटछाट प्रौढ गेम येऊ दिली, त्याआधी कितीतरी लोक असंच करत. रेनपायमध्ये एक चल ठेवलं आणि प्रौढ प्रवेशाचं लेबल असेल तरच तिकडे उडी मारायला सांगितलं की काम झालं. पण हे लिहिण्याच्या आधी ठरवावं लागतं. गोष्टीची गाठच त्या प्रवेशात बांधली असेल तर नंतर कापून जमत नाही. माझं तर म्हणणं आहे की या अटीने लिखाण सुधारतं, कारण पात्रांना त्या प्रवेशाच्या आधी आणि नंतरही काहीतरी हवं असावं लागतं.

तिसरी: वयाच्या बाबतीत कुठलीही संदिग्धता नको. जपानी धाटणीची शाळेची पार्श्वभूमी आणि कोवळे चेहरे या प्रकारात सवयीने येतात. वर ‘सगळे अठराच्या पुढचे’ अशी पाटी लावून भागवलं जातं. ते नैतिकदृष्ट्या चूक आहे आणि कायद्याने धोकादायक. पात्रं नोकरी करणारी, घटस्फोट झालेली, चाळिशीतली असू द्या. गोष्टी तिथे जास्त आहेत.

चित्रांबद्दल थोडक्यात. डॅझसारख्या थ्रीडी साधनाने रेंडर करता येतात, चित्रकाराकडून करून घेता येतात. करून घेताना मजकूर प्रौढ आहे हे आधीच लेखी सांगावं आणि विक्रीचे हक्क लिहून घ्यावेत. एआयने केलेली चित्रं वापरली तर स्टीमला ते जाहीर करावं लागतं.

चौथी: वाचकांची यादी स्वतःकडे. स्वतःचं डोमेन, ईमेलची यादी, बदलांची नोंद असलेलं एक पान. जुलैत ज्यांच्याकडे हे होतं ते दुसऱ्या दिवशी वाचकांना लिहू शकले. दुकान निवडतानाही एकावर भिस्त नको. इचवर जायला काही लागत नाही आणि साइटचा वाटा किती हे विकणाराच ठरवतो, ठरवला नाही तर दहा टक्के. स्टीमवर प्रत्येक गेमला शंभर डॉलर भरावे लागतात, ते हजार डॉलरची विक्री झाल्यावर वळते होतात, आणि भरल्यापासून तीस दिवस गेम बाहेर काढता येत नाही. प्रौढ गेमची तपासणी लांबते हे गृहीत धरावं. जर्मनीत स्टीम केवळ प्रौढांसाठीच्या गेम दाखवतच नाही, आणि तो मोठा बाजार आहे.

भारतात बसून करणार असाल तर

इथे वरचं सगळं दुय्यम ठरतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लैंगिक कृती उघडपणे दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रकाशित किंवा प्रसारित करणाऱ्याला लागू होतं. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. कलम ६७ अश्लील मजकुरासाठी, ६७ब मुलांसंबंधी, आणि त्यात काढलेली चित्रं व लिहिलेला मजकूरही येतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ वेगळं. साइट अमेरिकेत आहे, ग्राहक युरोपात आहे, हा बचाव पुरत नाही. अपलोड करणारा माणूस पुण्यात बसलेला असतो. इच प्रकरणाच्याच आठवड्यात केंद्र सरकारने उल्लू, ऑल्टसह पंचवीस ॲप आणि साइट बंद करायला सांगितल्या, आणि त्यात याच कलमांचा आधार घेतला होता.

साहित्य आणि कला यांना ६७ आणि ६७अ मध्ये अपवाद आहे. न्यायालयांनी मोकळी भूमिकाही घेतलेली आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही मराठी कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटले. संपूर्ण कलाकृती पाहून न्यायाधीशांनी निर्णय दिला. २०२४ च्या मार्चमध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की शिवराळ भाषा म्हणजे ६७अ मधली लैंगिक कृती नव्हे. पण काकोडकरांची सात वर्षं गेली, आणि ती केवळ शब्दांची कथा होती, चित्रांची नव्हे. अपवाद असतो तो खटल्यात मांडण्यासाठी. खटला टाळण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्या नवख्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: उघड लैंगिक चित्रण इथून प्रकाशित करू नका. विषय प्रौढ ठेवा, मजकूर सूचक ठेवा, दार बंद होतं तिथे प्रवेश संपवा, आणि बाहेर काढण्याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला संहिता दाखवा. परदेशात राहणाऱ्या मराठी निर्मात्याने त्या देशाचा कायदा पाहावा, आणि गेम भारतात उपलब्ध ठेवायची की नाही हे वेगळं ठरवावं.

पैशाचंही आधी करून बघावं. अमेरिकी दुकानासाठी डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरावा लागतो, त्यात पॅन देऊन भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागितला तर अमेरिकी विक्रीवरची करकपात तीस टक्क्यांवरून साधारण पंधरावर येते. हे सगळं मोठ्या गेमच्या वेळी पहिल्यांदा करू नका. कुठल्याही कलमाचा प्रश्न येणार नाही अशी अर्ध्या तासाची गोष्ट आधी टाका, किंमत दोन डॉलर ठेवा, आणि विक्रीचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत वाट बघा. पैसे कुठल्या नावाने आले, मध्ये किती कापले गेले, बँकेने कुठला कागद मागितला, हे लिहून ठेवा. दुसऱ्या गोष्टीची पहिली ओळ त्यानंतर लिहायला घ्या.